बारा आण्यांचे बिदर

१९३१ साली हैदराबाद संस्थानाने टपाल तिकिटांची एक सचित्र मालिका काढली. एका आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हायकोर्ट, चार आण्यांवर उस्मानसागरचा जलाशय. एवढ्यावर राजधानीचा मान संपला. पुढची किंमत चढत गेली तशी तिकिटे गावाबाहेर पडली. आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार, रुपयावर दौलताबादचा मिनार आणि या दोहोंच्या मध्ये, बारा आण्यांच्या लालभडक तिकिटावर, बिदरचा महमूद गवानचा मदरसा. तिकीटसंग्राहकांच्या सूचीत त्याची नोंद ‘बिदर कॉलेज’ अशी आहे.

बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याचा हा मदरसा १४७२च्या सुमारास उभा राहिला. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोटात त्याचा पुढचा भाग ढासळला आणि दोन मिनारांपैकी एकच उरला. त्या मिनारावर आजही निळ्या-पिवळ्या चकचकीत फरश्यांची नागमोडी नक्षी दिसते. भिंतीच्या माथ्यावर निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरे तुकड्यातुकड्यांनी शिल्लक आहेत. आता हा सगळा पसारा बोटाच्या पेराएवढ्या चौकटीत, तोही एकाच रंगात बसवायचा आहे, अशी कल्पना करावी. निळा गेला, पिवळा गेला, अक्षरे गेली. उरतो तो उंच मिनार आणि त्याच्या आधाराने आडवी पसरलेली इमारत. काय टाकले तरी बिदर ओळखू येईल आणि काय टाकले की येणार नाही, याचा निर्णय त्या तिकिटाच्या आरेखकाला घ्यावा लागला. बोधचिन्ह काढणाऱ्याला आज संगणकासमोर बसून नेमके हेच करायचे असते.

ग्राफिक डिझाइन शिकणारी मुले प्रेरणा शोधायला जपानी पोस्टरांकडे आणि स्विस टायपोग्राफीकडे धावतात. धावावेही. पण बिदर आणि कलबुर्गी या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या दोन जिल्ह्यांत जुन्या कागदांची, पाट्यांची आणि डब्या-गोण्यांची जी दृश्यसंपत्ती पडून आहे, तिच्याकडे अजून कोणी पाठ्यपुस्तक म्हणून पाहिलेले नाही. तिच्यामागे एक साधी अडचण होती. इथल्या छापणाऱ्याला आणि रंगवणाऱ्याला आपला वाचक कोणती लिपी वाचतो, हे कधीच ठाऊक नव्हते.

निजामाच्या अमलात ही अडचण सरकारलाही चुकली नाही. संस्थानाच्या एकोणिसाव्या शतकातल्या तिकिटांवर उर्दू-फारसी वळणाबरोबर इंग्रजी, तेलुगू आणि मराठीलाही जागा द्यावी लागली. १९१८पासून संस्थानाच्या नोटा निघाल्या. त्यांवर मुख्य मजकूर उर्दूत असला तरी किंमत मराठी, तेलुगू, कानडी आणि इंग्रजीतही होती. एक नोट, पाच लिप्या. प्रत्येक लिपीची चाल निराळी. उर्दू उजवीकडून येते आणि उतरत उतरत जाते. देवनागरी शिरोरेषेला लोंबकळते. कानडी आणि तेलुगू गोलाईत बसतात, त्यांना वर छप्पर नसते. अशा पाच जणांना एका चौकटीत बसवून कोणाचीच मांडी कोणाच्या मांडीला लागू द्यायची नाही, हे त्या नोटांच्या आरेखकांनी सांभाळले. आज एखाद्या बँकेच्या बहुभाषिक माहितीपत्रकात चार भाषांचा जो खिचडीभात दिसतो, तो पाहिल्यावर त्या नोटांचे महत्त्व कळते.

१ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली. जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात आले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात, म्हणजे पुढच्या कर्नाटकात गेले. सरकारी कागदावरची लिपी बदलली, घरातली भाषा बदलली नाही. भालकीच्या बसस्थानकावर उभे राहिले की हे डोळ्यांना दिसते. उदगीरहून आलेल्या महाराष्ट्राच्या एसटीच्या कपाळावर देवनागरी पाटी, शेजारी कल्याण कर्नाटक परिवहनाच्या गाडीवर कानडी पाटी, कधी आकडेही कानडी. अक्षर न ओळखणारी म्हातारी गाडीच्या रंगावरून आणि कंडक्टरच्या हाकेवरून आपली गाडी धरते. रंगानेच माणसाला वाट दाखवायची, हा विमानतळांच्या आरेखनातला मोठा धडा मानला जातो. इथे तो कोणी न शिकवता चालू आहे.

दुकानांच्या पाट्यांवर मात्र खरी कसरत असते. २०२४मध्ये कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून पाटीचा ६० टक्के भाग कानडीत असला पाहिजे असे ठरवले. त्यामागच्या राजकारणावर बोलणारे पुष्कळ आहेत. पेंटरच्या दृष्टीने हा जागावाटपाचा प्रश्न आहे. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी, उर्दू, इंग्रजी, मालकाचे नाव आणि मोबाइल नंबर. जुना पेंटर आधी दोरा खडूच्या भुकटीत घोळवतो, पाटीवर ताणून टिचकी मारतो आणि रेषा उमटवतो. मग त्या रेषांमध्ये अक्षरांची मापे बसवतो. ‘बसवकल्याण’ हे नाव घ्या. ‘ल्या’ लिहिताना मराठीत ल अर्धा होतो आणि या पूर्ण राहतो, दोघे एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभे. कानडीत उलटे. तिथे ल पूर्ण उभा राहतो आणि य त्याच्या पायाशी येऊन बसतो. म्हणजे कानडी ओळीला खाली मोकळी जागा हवी, मराठी ओळीला वर मात्रा-वेलांट्यांसाठी हवी. कानडी वर आणि मराठी खाली अशी पाटी रंगवायची, तर या दोन्ही जागा नेमक्या मधल्या पट्टीत एकमेकींवर येतात. अनुभवी पेंटर तिथे एक जाड रंगीत पट्टा ओढतो किंवा मराठी ओळ थोडी आत सरकवतो. पाटीच्या कोपऱ्यात त्याची बारीक सही असते. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात संगणक दोन्ही ओळी ताणून, दाबून एकाच उंचीच्या करतो, आणि मग कानडीची गोलाई अंड्यासारखी होते.

संगणकालाही दोष द्यायचे कारण नाही. विंडोजमधून घरोघर गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट आणि ‘तुंगा’ हा कानडी फाँट, दोन्हींमागे र. कृ. जोशी या मराठी अक्षरकाराचे मार्गदर्शन होते. १९३६मध्ये जन्मलेले, २००८मध्ये गेलेले जोशी जाहिरात क्षेत्रातून आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रात आले आणि भारतीय लिप्यांना संगणकावर आणण्यात त्यांनी उमेदीची वर्षे घातली. बिदरच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात आज एकाच अर्जाची मराठी आणि कानडी प्रत निघते, तेव्हा दोन्हींच्या अक्षरांत हा एकच माणूस दडलेला असू शकतो. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी ‘बलू’ हा गुबगुबीत अक्षरसंच काढला. त्यात देवनागरीला आणि कानडीला सारखाच जाडपणा आणि सारखीच मजा मिळाली. दोन लिप्यांनी एकमेकींसारखे दिसायची गरज नाही, पण एका घरातल्या वाटल्या पाहिजेत, हे भालकीच्या पेंटरला ब्रशने जमत होते. ते संगणकावर आणायला पुष्कळ वर्षे लागली.

आणि जिथे वाचकच नाही, तिथे काय? तिथे चित्र. व्यापारी बोलीत ‘छाप’. कलबुर्गीची तूरडाळ प्रसिद्ध आहे. २०१९मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथल्या नेहरू गंजच्या आडत बाजारात डाळीच्या गोण्यांची थप्पी लागते, तेव्हा हमालाला दुरून, खांद्यावर ओझे असताना, अर्ध्या उजेडात कोणती गोणी कोणाची ते कळावे लागते. म्हणून गोणीवरचे चित्र एक किंवा दोन रंगांचे, जाड रेषेचे आणि मधोमध. बारदानाच्या भरड विणीत बारीक रेषा टिकतच नाही. शाई पसरते. त्यामुळे चित्रकाराने कितीही पिसे काढली तरी मोराचा शेवटी एक ठसठशीत आकार होतो. हा आकार कोणी हौसेने साधा केलेला नाही, गोणीने तो करून घेतला आहे.

ही चाल फार लांबून आली आहे. मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानात कापड पाठवत, तेव्हा प्रत्येक ताग्याच्या दर्शनी घडीवर देव-देवता, हत्ती, वाघ यांची रंगीत चित्रे डकवत. गिऱ्हाईक गिरणीचे इंग्रजी नाव वाचणार नव्हते. ते चित्र दाखवून ‘हेच द्या’ म्हणत होते. बेंगळुरूचे ‘मॅप’ हे कला आणि छायाचित्र संग्रहालय २०२३मध्ये खुले झाले. तिथे अशा छापांचा आणि काडेपेटीच्या लेबलांचा मोठा संग्रह आहे. कालपर्यंत जे ताग्याबरोबर फेकले जात होते, ते आता काचेमागे गेले.

सगळ्याच छापांचे नशीब असे नाही. संगमनेरच्या ‘गाय छाप’ जर्द्याची पुडी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पानटपऱ्यांवर वर्षानुवर्षे लटकत आली आहे. एप्रिल २०१६पासून तंबाखूच्या वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर आरोग्याचा इशारा छापणे सक्तीचे झाले आणि ते योग्यच झाले. आरेखनाच्या अंगाने पाहिले तर गाईला उरलेल्या पंधरा टक्क्यांत उभे राहावे लागले. तरी ती ओळखू येते. चित्र एवढे आकसूनही गिऱ्हाईक चुकत नसेल, तर ते चिन्ह म्हणून पक्के आहे असे समजावे, माल कितीही वाईट असो.

या साऱ्या कागदी पसाऱ्यात राजेशाही थाट कोणाचा असेल तर तो कॅलेंडरचा. आणि कॅलेंडर म्हटले की गुलबर्ग्याचे, म्हणजे आजच्या कलबुर्गीचे, नाव घ्यावेच लागते. साबानंद मोनप्पा पंडित, म्हणजे एस. एम. पंडित, यांचा जन्म १९१६ साली गुलबर्ग्यातला. मुंबईत जाऊन ते शिकले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही होते. मेट्रो सिनेमात लागणाऱ्या हॉलिवूडपटांची शो-कार्डे रंगवून त्यांनी नाव कमावले, बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकासाठी मुखपृष्ठे केली आणि पुढे पौराणिक चित्रांच्या कॅलेंडरांनी त्यांना घराघरांत नेले. पंडितांच्या चित्रातल्या देवाच्या गालावरचा उजेड नीट पाहावा. तो समईचा नाही. एका बाजूने प्रखर, दुसऱ्या बाजूने निळसर, केसांच्या कडेला सोनेरी किनार. हा स्टुडिओतल्या दिव्यांचा उजेड आहे. हॉलिवूडच्या नट्यांचे चेहरे रंगवताना हाताला बसलेली सवय त्यांनी मेनका-विश्वामित्राला आणि राधा-कृष्णाला दिली. प्रेरणा कशी घ्यावी याचा याहून चांगला नमुना मिळणे अवघड. त्यांनी हॉलिवूडचे कपडे उचलले नाहीत, चेहरे उचलले नाहीत, फक्त दिवा उचलला.

त्यांच्याआधी राजा रविवर्म्याने १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढून देव स्वस्त केले होते. नंतर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा शिळाछापाचा दगड लागे. हे दगड चुनखडीचे असत आणि उत्तम दगड जर्मनीतल्या बव्हेरियातून येत. मराठी घरांच्या ओसऱ्यांवर बसलेली शहाबादी फरशीही चुनखडीचीच, आणि ते शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातले. एका दगडाने देव छापले, दुसऱ्यावर बसून लोकांनी त्यांना हात जोडले. पंडितांचे समकालीन दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी हेच रंगीत जग दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर नेले. पंडित उत्तरायुष्यात गुलबर्ग्याला परतले. १९९३मध्ये ते गेले. शहरातल्या रंगमंदिराला त्यांचे नाव आहे.

कॅलेंडरचा दुसरा अर्धा भाग मात्र समीक्षकांच्या नजरेतून सुटतो. शिवकाशीहून येणाऱ्या चित्राखाली एक कोरी पट्टी सोडलेली असते. गावातला छापखाना तिच्यावर एका रंगात कापड दुकानाचे किंवा आडत दुकानाचे नाव छापून देतो. वरचे चित्र हजारो गावांत तेच, खालची पट्टी मात्र फक्त आपल्या गावची. देवल गाणगापूरच्या बाजारात दत्ताच्या तसबिरी पाहिल्या की हाच हिशेब दिसतो. तीन शिरे, सहा हात, मागे गाय, पायाशी चार श्वान, वर औदुंबर: एवढा ऐवज ठरलेला. महाराष्ट्रातून येणाऱ्या भाविकांसाठी खाली मराठी ओळ, इथल्यांसाठी कानडी. लग्नपत्रिकाही तशीच. तयार कार्डावर उठावाचा गणपती, त्याखाली कुलदैवते. एकाच पत्रिकेवर तुळजाभवानी, खंडोबा आणि भालकीजवळच्या खानापूरचा मैलार मल्लण्णा एका ओळीत येतात. एका पानावर ‘चि. सौ. कां.’, उलटल्यावर तोच मुहूर्त कानडीत. मामाच्या लग्नाला यायचे आग्रहाचे निमंत्रण देणारी छोटी मंडळी बहुधा मराठी पानावरच असतात. एका साच्यात बदलता मजकूर भरण्याला आज डिझाइनच्या दुनियेत टेम्प्लेट म्हणतात आणि त्याचे वर्ग चालतात.

कागदाबाहेर पडले तर बिदरचे बिदरी धातुकाम आहेच. २००६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही कला साऱ्यांना माहीत असते ती काळ्यावर रुपेरी नक्षी म्हणून. पण ती नक्षी काढतानाची एक पायरी आरेखकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात. घासून गुळगुळीत केले की ते फिकट करडे दिसते. त्यावर कोरलेली रेषा डोळ्याला लागत नाही. म्हणून कारागीर आधी मोरचुदाचे पाणी फिरवून पृष्ठभाग तात्पुरता काळवंडून घेतो. मग लोखंडी कलमाने कोरले की खालचा पांढरा धातू उघडा पडतो आणि रेषा झळकते. कोरलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, पुन्हा सगळे घासून साफ करतात आणि तो तात्पुरता काळेपणा निघून जातो. शेवटी भांडे तापवून बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळतात. जस्त कायमचे काळे पडते, चांदीला काही होत नाही. म्हणजे हा काळा रंग वरून दिलेलाच नाही. चांदी पांढरी राहते म्हणूनच उरलेले काळे शोभते.

अशर्फीची बुट्टी, फुलझडी, तीनपत्ती अशी नावे असलेले हे नमुने एकोणिसाव्या शतकातच विलायतेला पोचले होते. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानचे धातुकाम मांडले गेले आणि १८५६मध्ये ओवेन जोन्सने ‘ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’ या ग्रंथात भारतीय नक्षीची खास पाने दिली. युरोपातल्या आरेखकांनी त्यावरून वॉलपेपर आणि गालिचे काढले. बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडची संस्था बिदरी नक्षी वापरते ती मात्र बहुतेक वेळा समारंभाच्या पत्रिकेच्या चार कोपऱ्यांत, पांढऱ्या कागदावर, सोनेरी शाईने. बिदरीचा जीव ज्या काळ्या जमिनीत आहे, तीच नेमकी गाळलेली.

जुन्या वस्तूंच्या प्रेरणेत हीच गल्लत सर्रास होते. कॅफेच्या भिंतीवर काडेपेट्यांची लेबले मोठी करून लावली, कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केला, अक्षरांना दुहेरी सावली दिली, की झाले ‘व्हिंटेज’. सावली पेंटरने का दिली होती? रस्त्याच्या पलीकडून, धुळीतून, चालत्या गाडीतून अक्षर उठून दिसावे म्हणून. मोबाइलच्या पडद्यावर ती गरजच नाही. हनीफ कुरेशी या आरेखकाने ‘हँडपेंटेड टाइप’ या उपक्रमात गावोगावच्या पेंटरांची अक्षरे जमवून त्यांचे फाँट केले, पेंटरांची नावे फाँटला दिली आणि पेंटरच्या हाताची चाल जपली. २०२४मध्ये तो अकाली गेला. दिल्लीच्या गल्ल्यांसाठी त्याने जे केले, ते बिदरच्या चौबाऱ्यासाठी आणि बसवकल्याणच्या बाजारपेठेसाठी अजून व्हायचे आहे. आणि तिथे काम अवघड आहे, कारण एकाच पेंटरची कानडी, मराठी आणि उर्दू अशी तिन्ही वळणे जमवावी लागतील.

तोवर एवढे करता येईल. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली आली, की जुनी कॅलेंडरे, लग्नपत्रिका, दुकानाच्या पावत्या, बसची तिकिटे आणि काडेपेट्या रद्दीवाल्याला देण्याआधी वेगळ्या काढा. मागे पेन्सिलीने गाव, अंदाजे साल आणि छापखान्याचे नाव लिहा आणि खोका जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला द्या. दुकानाची रंगवलेली पाटी उतरवणार असाल तर आधी दिवसाच्या उजेडात समोरून तिचा फोटो घ्या, कोपऱ्यातल्या सहीचाही घ्या. पेंटर हयात असेल, तर त्याला बोलवा आणि दोन ओळींमधले अंतर तो कसे ठरवत असे, ते त्याच्याच तोंडून लिहून घ्या.